चार घड्यांची गाडी

फोन आला तेव्हा मी जालन्याला, आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होते. सुट्टीनंतर कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं आणि अकरावीच्या पहिल्या तुकडीचं पहिलं प्रात्यक्षिक होतं. पदार्थविज्ञानाचं पहिलं प्रात्यक्षिक म्हणजे मोजमाप. त्या दिवशी मी दरवर्षी एक वाक्य म्हणते, 'अंदाज म्हणजे माप नव्हे.' ते वाक्य माझं नाही. ज्याचं आहे त्याच्याच घरून फोन आला होता. कांतामामी सकाळच्या वेळी कधी फोन करत नाही, म्हणून नाव बघितल्याबरोबर मी वर्गाबाहेर आले. "संगीता... गेला व तुहा मामा," ती म्हणाली. "चहा देल्ला त्याले. कप धरलाच नाई त्यानं. मले वाटलं, हात थरथरून राह्यला म्हणून नाई धरत..."  मी पोरांना घरी जायला सांगितलं आणि स्टँड गाठलं. हातातलं व्हर्नियर कॅलिपर मी तसंच पर्समध्ये टाकून आणलं होतं, हे बस सिंदखेडराजाच्या पुढं गेल्यावर कळलं.

शेषूमामाला तुम्ही ओळखत असण्याचं काही कारण नाही. शेषराव, माझ्या आईचा धाकटा भाऊ, राहणार बीबी, तालुका लोणार. शिक्षण चौथी. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. मेहकरच्या एका मालकाची केशरी रंगाची, पुढं नाक असलेली जुनी गाडी त्यानं एकोणीस वर्षं चालवली. डावा पाय गेल्यावर उरलेलं आयुष्य त्यानं ट्रक बनवण्यात घालवलं. खेळण्यातले नव्हे. खेळणं म्हटलं की त्याला राग यायचा. दीड फूट लांबीचा ट्रक, पण त्यात दाराची कडी फिरायची, सीटच्या मागं लटकवलेला पाण्याचा कॅन असायचा, आणि मागचा फाळका उघडला की साखळी खऱ्या गाडीइतक्याच कड्यांवर थांबायची. आपल्याकडं माणूस गेला की त्यानं किती माणसं जोडली ते लिहितात. मामानं माणसं फार जोडली नाहीत. त्यानं एकवीस गाड्या मोजल्या.

माझ्याबद्दल एवढंच सांगते, की आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. लोणारजवळ आमचा वांग्या-मिरच्यांचा मळा. बाबा सही करायचे, आई तेवढीही नाही. मी बी.एस्सी. केलं, एम.एस्सी. केलं, आणि हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते. पण बी.एस्सी.च्या प्रवेशाला मी अकोल्याला गेले ती मामाच्या ट्रकमधून, हे मात्र बरीच वर्षं मी कुणाला सांगितलं नव्हतं. गाडीत सोयाबीन भरलेलं होतं. माझी पत्र्याची पेटी केबिनमध्ये पायापाशी. मामा बुटका, म्हणून त्यानं ड्रायव्हरची सीट चार बोटं उंच करून घेतलेली. त्या उंच सीटवर तो राजासारखा बसायचा आणि मी त्याच्या शेजारी, नवा ड्रेस चुरगळू नये म्हणून अंग चोरून. कॉलेजची कमान दिसायला लागली तशी मी सीटवर खाली सरकले. मी म्हटलं, "मामा, अलीकडंच थांबव ना." त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. काऊन, कशासाठी, असं विचारलं नाही. गाडी कडेला घेतली, पेटी डोक्यावर घेतली आणि कमानीपर्यंत चालत आला. आत नाही आला. "जाय माय," म्हणाला, "आता तूच पाह्य पुढचं." मी मागं वळून बघितलं तेव्हा तो ट्रककडं चालत निघाला होता. त्याला दोन्ही पाय होते तेव्हा.

गाड्या बनवण्याचा नाद त्याला रस्त्यावरच लागला होता. माल खाली करायला नंबर लागेपर्यंत कधी एक दिवस, कधी दोन दिवस रांगेत उभं राहायचं. बाकीचे पत्ते खेळायचे, झोपायचे. मामा तेलाच्या डब्याचा पत्रा कापत बसायचा. पण तेव्हाच्या गाड्या अंदाजे असायच्या आणि त्या त्यानं सगळ्या मोडून टाकल्या. पुढं साखरेच्या आजारानं पायाच्या बोटाला जखम झाली, बोट गेलं, मग पाऊल गेलं. डावं. "पाय गेला त्याचं काई नाई," तो म्हणायचा, "क्लच गेला." बीबीच्या घरात पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यानं टेबल मांडलं. खिडकीतून नागपूर-मुंबईचा जुना रस्ता दिसायचा. तो रस्ता बघतच तो काम करायचा. पुढं नवा महामार्ग झाला आणि मोठ्या गाड्या तिकडून जायला लागल्या. खिडकीत मग एसट्या, मोटारसायकली आणि ऊन, एवढंच उरलं. तरी टेबल त्यानं हलवलं नाही.

त्याची मोजायची रीत मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. टेप त्याला चालायचा नाही. म्हणायचा, "टेपात आकडे असतेत, दोरीत गाडी असते." साधी तागाची सुतळी. ती तो आधी भिजवायचा, दोन खिळ्यांत ताणून वाळवायचा, म्हणजे नंतर आखडायची नाही. मग गाडीपाशी जाऊन पुढच्या बंपरला सुतळीचं टोक लावायचं, तिथं पहिली गाठ. चाकाच्या मध्याशी एक गाठ, दारापाशी जोडगाठ, बॉडी सुरू होते तिथं तीन. लांबीची एक दोरी, रुंदीची एक, उंचीची एक. तिन्ही एकत्र गुंडाळून त्या गुंडाळीला गाडीच्या रंगाची चिंधी बांधायची आणि भिंतीवर खिळ्याला लटकवायची. घरी आल्यावर दोन गाठींमधली सुतळी घ्यायची आणि तिची मधोमध घडी घालायची. पुन्हा घडी. पुन्हा. पुन्हा. चार घड्या झाल्या की जेवढी लांबी हातात उरते, तेवढा पत्रा कापायचा. मी एम.एस्सी. होऊन आले तेव्हा मोठ्या तोऱ्यात त्याला सांगितलं होतं, "मामा, याला स्केल म्हणतात. तुझी गाडी एकास सोळा आहे." तो पत्र्यावर कानस घासत होता. म्हणाला, "असंन. मी त्याले चार घड्या म्हणतो." मग थांबून, मिशीत हसून, "काय मॅडम, चुकलं का काही?" तेव्हापासून तो चिडवायचा असला की मला मॅडम म्हणायचा.

सामान सगळं घरातलंच. सायकलच्या तारांचे ॲक्सल, ट्यूबच्या पट्ट्या चढवलेली लाकडी चाकं, गोळ्यांच्या पाकिटाचे फुगे कापून दिवे. समोरची काच तो एक्स-रेच्या फिल्मची करायचा. गरम पाण्यात सोडा टाकून फिल्म घासली की काळं निघून जातं आणि स्वच्छ निळसर काच उरते. एकदा मी विचारलं, एवढ्या फिल्म आणतोस कुठून? "माह्याच पायाच्या हायत," तो म्हणाला. "पाय नाई राह्यला, फोटो ठेवून काय करू?" दुसरबीडच्या, डोणगावच्या, सुलतानपूरच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरांच्या घरी शोकेसमध्ये ज्या गाड्या उभ्या होत्या, त्यांतून ते लोक शेषूमामाच्या कापलेल्या पायाच्या काचेतून रस्ता बघायचे... हे त्यांच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं.

हे लोक यायचे ते आपली गाडी विकायची किंवा भंगारात जायची वेळ आली की. मामा रिक्षानं जायचा, कुबडी टेकत गाडीभोवती फिरायचा आणि मोजायचा. चांगलं तेवढंच तो घ्यायचा असं नाही. चेप, तडकलेला आरसा, एका बाजूला झुकलेली नंबराची पाटी, सगळं यायचं. दुसरबीडचे नामदेवराव आपली गाडी न्यायला आले तेव्हा मी तिथंच होते. गाडी हातात घेऊन त्यांनी फिरवली आणि चेहरा पडला.

"शेषराव, हा मागचा चेप काऊन काढला बे? माही गाडी चकाचक होती."

"चकाचक? मेहकरच्या नाक्यावर खांबाले कोणं घातली मंग?"

"ते रिव्हर्स घेताना झालं. एकदाच झालं."

"एकदाच झालं म्हणून एकच काढला."

नामदेवराव हसता हसता रडायला लागले. मामी आतून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "गाडीचे चेप पाठ हायत. माह्या तोंडावरचा तीळ कोण्या बाजूनं हाय, ते सांग म्हणा याले." मामानं मान वर न करता सांगितलं, "डाव्या. क्लचच्या बाजूनं." नामदेवराव चहा सांडेपर्यंत हसले. त्या घरात इतकं हसणं मी त्यानंतर ऐकलं नाही.

एकवीस गाड्या झाल्या, पण त्यात मामाची स्वतःची नव्हती. ती केशरी गाडी मालकानं ठेवली होती, जवळपासच्या भाड्याला दुसरा कुणी चालवायचा. मी कितीदा म्हटलं, मामा, तुझी का नाही करत? तो म्हणायचा, "ते हाय ना उभी. कुठं पळून जाते?" खरं कारण मला वाटतं वेगळं होतं. हात अजून पक्का व्हावा असं त्याला वाटत असावं. पहिल्या गाड्यांत झालेल्या चुका त्या गाडीत नको होत्या. तो थांबला, आणि थांबता थांबता किडनीनंही साथ सोडली. गेल्या वर्षीपासून त्याला उंबऱ्याबाहेर नेणं अवघड झालं. हातही थरथरायला लागला. टेबलापाशी मात्र बसला की थरथर थांबायची, निदान तासभर.

यंदाची संक्रांत होऊन गेली होती. त्याचा फोन आला. "संगीताबाई, काम हाय." आवाज असा, की मी उठून उभी राहिले. मालकानं गाडी भंगारात काढली होती आणि ती जालन्यालाच, गावाबाहेरच्या एका भंगारच्या वाड्यात येऊन पडली होती. दोन दिवसांत गॅसनं कापणार होते. "मले तं येता येत नाई," तो म्हणाला. "तू तठीच हाय. माप घेऊन ठेव माय. उद्याच्या सकाळच्या एसटीनं दोरी पाठवून राह्यलो कंडक्टरच्या हाती. कसं मोजायचं ते तुले सांगाची गरज नाई, तू तं पोरांले मोजणंच शिकवते." मी म्हटलं, त्याच कंपनीची दुसरी जुनी गाडी बघून नाही का चालणार?  त्यानं समजावून सांगितलं, जसं मी वर्गात सांगते तसं. चाकं आणि चेसिस कंपनीची, त्यांची मापं त्याच्याकडं होती. पण केबिन आणि बॉडी मिस्त्रीच्या हातची असते, एकासारखी दुसरी होत नाही. त्यात ही गाडी एकदा घाटात उलटली होती, केबिन पुन्हा बांधली होती, आणि बांधताना मामानं स्वतः मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहून सीट उचलून घेतली होती. "तशी दुसरी नाई जगात," तो म्हणाला. "अंदाज म्हंजे माप नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडवरून ती पिशवी घेतली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीनंच बांधलेलं मऊ गाठोडं होतं. उघडलं नाही. दोरीच आहे, तिथंच उघडू म्हटलं. कॉलेज करून दुपारी रिक्षानं वाड्यात गेले. त्या दिवशी आमच्याकडं तपासणी समिती येऊन गेली होती, म्हणून मी रेशमी साडी नेसले होते. वाड्यात दहा-बारा माणसं होती, तंबाखू मळत बसलेली. गाडी कडेला होती. केशरी रंग पार उडालेला, दारावर आमच्या मामाच्या कोपरानं पडलेली घासटलेली जागा तशीच. मी ओळखली तिला. तिनं मला ओळखलं नसेल.

"काय पाहिजे मॅडम?" एकानं विचारलं.

माझ्या हातात पिशवी होती. ती उघडायची, सुतळी काढायची, बंपरला टोक धरायला कुणाला तरी विनंती करायची, मग चाकामागं वाकायचं, केबिनमध्ये चढायचं, सीटखाली हात घालायचा... त्या सगळ्यांच्या समोर. मी, अख्ख्या खानदानातली पहिली पदवीधर, सुतळी घेऊन ट्रकखाली शिरणार? हे शब्द तेव्हा मनात आले असं मी म्हणणार नाही. पण कमानीअलीकडं जे झालं होतं, तेच पुन्हा झालं. ते मी बरोबर ओळखलं. मी म्हटलं, "फोटो काढायचे होते."

"काढा की," तो म्हणाला, "उद्यापरवा कापायचीय, शेवटचा फोटो." सगळे हसले. मी मोबाइलवर त्रेचाळीस फोटो काढले. चारी बाजूंनी, केबिनच्या आत हात घालून, सीटचेसुद्धा. मनाशी म्हटलं, नंबराच्या पाटीची लांबी ठाऊक असते, तिच्यावरून बाकी सगळं काढता येतं, हे तर उलट जास्त शास्त्रीय झालं. हात स्वच्छ ठेवून मी वीस मिनिटांत बाहेर पडले. पिशवी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या माझ्या खणात टाकली. त्याच दिवशी गाडी कापली.

रविवारी बीबीला गेले. मामा तयार होऊन बसला होता, टेबल पुसलेलं, नवा खिळा ठोकलेला. हा बाविसावा. मी मोबाइल त्याच्या हातात दिला. त्यानं एकेक फोटो बघितला, दोन बोटांनी मोठा करून बघितला. दारावरच्या त्या घासटलेल्या जागेवर त्यानं बोट ठेवलं. "हेच हाय," म्हणाला. "बरोबर हाय." मग मोबाइल टेबलावर ठेवला आणि माझ्या हातांकडं बघत म्हणाला, "पण माय, याच्या घड्या कशा घालू?"

मी घाईघाईनं समजावलं. नंबराची पाटी, प्रमाण, गुणोत्तर. तो ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "दोरी लावलीच नाई ना तू?"

"वेळ नव्हता मामा."

"हाव," तो म्हणाला. "टाइम लागते त्याले."

पुढच्या आठवड्यात मी खरंच मेहनत घेतली. फोटो छापून त्यावर पट्टी लावून प्रत्येक भागाचं माप मिलिमीटरमध्ये काढलं, सोळानं भागलं, तक्ता करून पाठवला. मामानं आयुष्यात पहिल्यांदा शाळेची पट्टी विकत आणवली. थरथरत्या हातानं त्यानं त्या आकड्यांवरून केबिन केली. डायलिसिसच्या दिवशी काम बंद, दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नाही, तिसऱ्या दिवशी तासभर. असं करत अक्षय्य तृतीया आली. मी गेले तेव्हा गाडीला रंगसुद्धा दिलेला होता. मला ती हुबेहूब वाटली. मी टाळ्या वाजवल्या.

मामाची एक शेवटची परीक्षा असायची. गाडी पुरी झाली की तो ती टेबलाच्या कडेला ठेवायचा, खाली वाकायचा आणि मागच्या बाजूनं, ड्रायव्हरच्या सीटच्या उंचीवर एक डोळा आणून समोरच्या काचेतून बघायचा. सीटवरून रस्ता कसा दिसतो ते. दुसऱ्यांच्या गाडीच्या वेळी तो त्या त्या ड्रायव्हरलाच असं बघायला लावायचा, आणि तो माणूस हो म्हणाला की गाडी पास. त्या दिवशी तो स्वतः वाकला. मामीनं त्याला काखेत धरलं होतं.  मग हळूच उठून बसला. "अठून इतला रस्ता नाई दिसत होता मले," तो म्हणाला. "नाकाच्या टोकाच्या वर एक बोटभर आभाळ, आन् त्याच्या खाली रस्त्याची पट्टी. हे तं सगळं मोकळंच दिसून राह्यलं." मग हसला. "हे कोण्या उंच माणसाची गाडी झाली व."

जवळून काढलेल्या फोटोत पुढचं मोठं दिसतं आणि मागचं लहान. जो शाळेत प्रकाशाचा धडा शिकलाय त्याला हे ठाऊक असतं. मी तो धडा शिकवते.

त्यानं पकड घेतली आणि केबिन सोडवायला सुरुवात केली. रागानं नाही. एकेक खिळा वाकवून, पत्रा सरळ ठेवत, जसा दुसऱ्या गाडीला कामी येणार आहे असा. मी म्हटलं, "मामा, राहू दे ना. मी परत काढते मापं."

"कशावरून?" त्यानं विचारलं.

 टेबलावर नुसती चेसिस उरली, सहा चाकांवर उभी. त्यानंतर त्यानं पत्र्याला हात लावला नाही. मी फोनवर विचारायचे, काय करून राह्यलास मामा? "बसून राह्यलो," म्हणायचा. माझ्याशी तो कधी तुटकपणे वागला नाही. मॅडम मात्र म्हणेनासा झाला. मी वाट बघायचे, की एकदा तरी चिडवेल.

त्या दिवशी बीबीला पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. दारात माणसं जमली होती. मामी आत पेट्या उघडत होती, कपडे इकडंतिकडं पडलेले. मला बघितल्यावर रडण्याआधी तिनं विचारलं, "त्याचा खाकी शर्ट पाह्यला काय व तू? गाडीवरचा. मले सांगून ठेवलं होतं त्यानं, शेवटी तोच घालजो म्हणून. कितला धुंडाळला, सापडूनच नाई राह्यला." मीही शोधला. कपाटामागं, माळ्यावर, गादीखाली. नाही मिळाला. शेवटी त्याला पांढरा सदरा घातला. त्या सदऱ्यात तो दुसराच कुणी वाटत होता, लग्नाला निघालेला.

बाहेर आले तर अंगणात तिरडी बांधून होत आली होती. शेजारचा बबन शेवटचा बांबू आवळत होता. मी सहज बघितलं आणि वाकले. बांबूवर आवळलेल्या सुतळीला गाठी होत्या. एक गाठ... मग जोडगाठ... मग तीन. एका टोकाला हिरवी चिंधी. पलीकडच्या बांबूवर निळी. मी खिडकीतून आत बघितलं. भिंतीवरचे खिळे मोकळे होते. सगळे.

"बबनभाऊ, ही सुतळी कुठली?"

"घरातलीच हाय ताई. आणलेली कमी पडली. आत खिळ्यांले गुंडाळ्या होत्या, त्या घेतल्या." मग घाम पुसत, तक्रारीच्या सुरात म्हणाला, "लयच गाठी होत्या पण याले. सोडत बसलो असतो तं दुपार झाली असती. तशाच आवळल्या."

मी बोलू शकले असते. दुकानात माणूस पाठवून दुसरी सुतळी आणायला दहा मिनिटं लागली असती. पण बांधलेल्या तिरडीची गाठ सोडा, असं कुणी कसं म्हणावं? आणि म्हटलं असतं तर काय सांगितलं असतं, की या गाड्या आहेत? मामी दारात येऊन उभी होती. माणसं निघायची घाई करत होती. बबननं चांगल्या मनानं, जीव लावून बांधलं होतं.  आमच्याकडं बायका घाटावर जात नाहीत. मी कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथून बघत राहिले. नामदेवरावांची गाडी, डोणगावची गाडी, सुलतानपूरच्या दोन भावांच्या दोन गाड्या... लांबी, रुंदी, उंची, सगळं मामाच्या अंगाभोवती आवळलेलं जुन्या रस्त्यानं चाललं होतं.

तो म्हणायचा, "गाडी मोडली तं मोडू दे, दोरी हाय तं पुन्हा होते." आता दोऱ्या नाहीत. तेराव्यानंतर मी दोन रविवार त्या ड्रायव्हरांची घरं फिरले. वाटलं, निदान छोट्या गाड्यांवरून मापं घेऊन ठेवावीत. एकाच्या नातवानं चाकं काढून नेली होती. एकाच्या माळ्यावर उंदरांनी रबर खाल्लं होतं. नामदेवराव मागच्या साली वारले, मुलानं घर विकलं, शोकेस कुठं गेली ते त्याला आठवत नाही. एक बाई म्हणाल्या, होती खरी एक गाडी, फार छान होती हो. मामीनं खिडकीपाशी त्या टेबलावर आता धान्याचे डबे मांडलेत. चेसिस घेऊन जा म्हणाली, मी आणली नाही. आणून काय करू? ती केशरी गाडी वितळून तिच्या सळया झाल्या असतील, कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये गेल्या असतील. लोक म्हणतात, माणूस आपल्या कामातून उरतो. मी शोधून आले. काही उरलेलं नाही.

परवा प्रयोगशाळेतला खण आवरायला काढला. पर्समधून आणलेलं ते कॅलिपर जागेवर ठेवायचं राहिलं होतं. खणाच्या तळाशी ती पिशवी होती. वर्तमानपत्राच्या घडीवर मामाच्या हातची सुतळी तशीच बांधलेली. मी दार लावून घेतलं आणि पहिल्यांदा ती उघडली.

वर खाकी शर्ट होता. धुऊन, इस्त्री करून, चार घड्या घातलेला. खिशात कागदात गुंडाळलेला साबणाचा तुकडा. त्यानं कुठलीही चिठ्ठी लिहिली नव्हती, पण मला वाचता आलं. साडीवरून घाल, कपडे खराब होणार नाहीत, नंतर हात धू. कमानीअलीकडं गाडी थांबवायला लावणारी भाची त्याला पुरती ठाऊक होती. तिची लाज त्यानं आधीच मोजून ठेवली होती. आणि शर्टासाठी पुढं सहा महिन्यांत त्यानं एकदाही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मी गाठोडं उघडलंच नाही, हे मला त्याच्यासमोर कबूल करावं लागलं असतं.

शर्टाच्या खाली तिन्ही दोऱ्या होत्या, वर लांबीची. भिजवून, ताणून, वाळवलेली, एकही पीळ नसलेली. एका टोकाला केशरी चिंधी शिवलेली, आणि तिथंच, बंपरला लावायची पहिली गाठ त्यानं स्वतः मारून पाठवली होती.

मी ती प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर उलगडत गेले. टेबल संपलं, दोरी संपली नाही. पुढं कुठंच गाठ नव्हती.